नामदार जगन्नाथ शंकरशेट

खराडीच्या दक्षिणेस मुळा-मुठेचा प्रवाह आहे, आणि नदीपलीकडे हडपसर, मांजरी ह्या गांवांवरून दौंडाकडे जाणारा लोहमार्ग आहे. आमचे पुष्कळ विद्यार्थी ह्या मार्गानें केव्हां ना केव्हां प्रवास करतात. परंतु हा मार्ग मूळ कोणी घातला असें विचारलें तर "इंग्रजांनीं" एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा हा मार्ग पूर्वी होता, तिची कल्पना मुंबईस प्रथम निघाली तेव्हां तिचा भार उचलणारांत एक मराठी सावकार पुढें होता. त्याच सावकाराचें नांव मुंबईच्या पहिल्या शाळाखात्यांत आढळतें, पहिल्या राजकीय सभेच्या अध्यक्षस्थानीं आढळतें, विश्वविद्यालयाच्या मूळ सभासदांत आढळतें आणि कायदे कौन्सिलांतही आढळतें. हे गृहस्थ म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट. लोक त्यांस नाना शंकरशेट म्हणत. खराडीस आज वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उंच इमारती उभ्या आहेत व व्यापार हा शब्द येथील मुलांच्या कानावर रोज पडतो. तेव्हां व्यापार करून सार्वजनिक कामांत देह झिजविणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र त्यांच्यापुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

व्यापारी मनुष्यानें राज्यकारभारांत पडावें ही गोष्ट त्या काळीं जगांत नवी नव्हती. अमेरिकेंतील वसाहती इंग्रजांच्या अमलाखालीं असतांना तेथील बंदरांचे मोठमोठे व्यापारी हेच त्या त्या प्रांताच्या सभांतून बसत. बोस्टनचा जॉन हॅन्कॉक हें त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. चुलत्याच्या मृत्यूनंतर १७६४ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्याची मोठी पेढी हॅन्कॉककडे आली. १७६८ त जकातीच्या तंट्यावरून त्याचें 'लिबर्टी' नांवाचें गलबत सरकारनें जप्त केलें; आणि १७७६ त स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर काँग्रेसचा अध्यक्ष ह्या नात्यानें त्यानें जी ठळक सही केली, ती आजही चित्रांतून दाखवितात. नाना शंकरशेटांचें प्रथम वय ह्या हॅन्कॉकसारखेंच गेलें. तेही तरुणपणींच मोठ्या पेढीचे धनी झाले व परक्या सरकारच्या दरबारीं त्यांस मान मिळाला. परंतु हॅन्कॉकनें सरकारशीं संबंध तोडला, नानांनीं तो शेवटपर्यंत राखला. हा फरक कां पडला, हें चरित्र वाचतां वाचतां कांहीं अंशीं ध्यानांत येईल.

नानांचा जन्म ता. १० फेब्रुवारी १८०३ रोजीं ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड येथें झाला. जातीनें ते दैवज्ञ ब्राह्मण व आडनांवानें मुरकुटे. वडील शंकरशेट ह्यांनीं टिपू सुलतानाशीं इंग्रजांच्या झालेल्या शेवटच्या लढाईच्या सुमारास, म्हणजे १७९९ च्या आसपास, व्यापारांत अपार द्रव्य मिळविलें होतें. मुलाचें शिक्षण त्यांनीं घरींच शिक्षक ठेवून करविलें. त्या वेळीं मुंबईस आजच्यासारख्या शाळा नव्हत्या, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. नाना इंग्रजी उत्तम शिकले व संस्कृताविषयींही त्यांच्या मनांत आदर उत्पन्न झाला. १८२२ त वडील वारले आणि विशींच्या आंतच सगळा व्यवहार नानांच्या अंगावर पडला.

हा व्यवहार कसला असे, हें आजच्या मुलांस थोडें सांगितलें पाहिजे. त्या काळीं पुण्याच्या मनुष्यास मुंबईस पैसे पाठवावयाचे झाल्यास रोकड बैलावर घालून घाटांतून नेणें धोक्याचें होतें. म्हणून तो पुण्याच्या सराफाकडे रक्कम भरी व सराफ त्यास हुंडी लिहून देई. ती हुंडी मुंबईच्या पेढीवर दाखविली म्हणजे पैसे मिळत. दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती हुंडी. आणि ह्या कामाबद्दल जें घेत त्यास हुंडणावळ म्हणत. कागदाच्या एका तुकड्यावर सगळी भिस्त! तो कागद ज्याच्या नांवानें निघाला त्याच्या शब्दाची जी किंमत, तीच त्या कागदाची किंमत. बँक ऑफ बॉम्बे १८४० त निघाली. परंतु तिच्या आधीं आणि नंतरही, अरबस्तान, अफगाणिस्तान वगैरे परदेशांचे व्यापारी आपलें द्रव्य बँकेपेक्षां नानांच्या स्वाधीन करणें अधिक पसंत करीत, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. पुढील सर्व आयुष्यांत नानांच्या शब्दास सरकारदरबारीं व लोकांत जो मान मिळाला, त्याचें मूळ ह्या पेढीवरील विश्वासांत आहे असें आम्ही समजतों.

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. पेशवाई नुकतीच बुडाली होती. एतद्देशीय लोकांस नव्या विद्या शिकविण्यासाठीं १८२२ त मुंबईस एक मंडळी स्थापन झाली; तीच पुढें 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. नाना तिचे आरंभापासूनचे आधारस्तंभ. ह्या मंडळीनें मराठीत व गुजरातींत शाळेचीं पुस्तकें करविलीं, शिक्षक तयार करून गांवोगांवीं पाठविले. कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस नांवाच्या इंजिनियर अधिकाऱ्यानें गणिताचे ग्रंथ मराठीत उतरविले, ते ह्याच काळांत. एल्फिन्स्टनसाहेब स्वदेशीं निघाले तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ पुतळा अगर तसबीर एवढ्यावर न थांबतां लोकांनीं वर्गणी करून दोन लाखांहून अधिक रुपये जमविले व इंग्रजी भाषा आणि शास्त्रें शिकविणारे प्राध्यापक नेमावे असें ठरविलें. त्या फंडांतून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे वर्ग उभे राहिले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर तेथेंच शिकवीत, व दादाभाई नवरोजी तेथेंच शिकले.

१८४० त सरकारनें शिक्षणाचा कारभार 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' नांवाच्या मंडळाकडे सोंपविला. त्यांत कांहीं सभासद युरोपियन व तिघे हिंदी असत. नाना आरंभापासून तेथें होते, आणि १८५५ त निराळें शिक्षणखातें निघून बोर्ड मोडेपर्यंत होते. ह्या बोर्डांत १८४७ च्या सुमारास जो वाद झाला, त्याविषयीं आम्ही जरा विस्तारानें लिहितों. कारण खराडीच्या प्रत्येक घरांत तो वाद आजही, मुलास कोणत्या शाळेंत घालावें ह्या रूपानें, चालूच आहे.

बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश होते. त्यांचें म्हणणें असें कीं, सरकारजवळ शिक्षणास पैसा थोडा. तो सर्व जनतेंत विखरून टाकला तर कोणाचेंच धड होणार नाहीं. त्यापेक्षां वरच्या वर्गांतील थोड्या लोकांस इंग्रजींतून उत्तम शिक्षण द्यावें, म्हणजे त्यांच्यामार्फत तें खालीं झिरपेल. शिवाय उच्च विद्यांचे ग्रंथ मराठीत आहेतच कोठें, हाही त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न अगदींच पोकळ होता असें म्हणतां येणार नाहीं. त्या काळीं मराठी गद्य बाल्यावस्थेंत होतें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघून पुरतीं बारा वर्षेंही झालीं नव्हतीं.

पेरीसाहेबांच्या विरुद्ध बोर्डाचे तिघेही हिंदी सभासद उभे राहिले व त्यांस वर सांगितलेले जार्व्हिस, जे आतां कर्नल झाले होते, येऊन मिळाले. ज्यानें स्वतः मराठीत गणित शिकविलें होतें त्या मनुष्यास "मराठीत शास्त्र सांगतां येत नाहीं" हें म्हणणें कसें पटावें? नानांनीं आपलें मत लिहून दिलें. त्याचा मथितार्थ असा कीं, उपयुक्त ज्ञान लोकांत पसरविणें हा हेतु असेल तर तें लोकांच्याच भाषेंतून दिलें पाहिजे. परकी भाषा पुरती अवगत होण्यास वर्षांनुवर्षें लागतात, तेवढा वेळ व पैसा थोड्यांसच असतो, आणि बाकीचे सर्व ज्ञानाला मुकतात.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. नाना इंग्रजीचे शत्रु नव्हते. ते स्वतः इंग्रजींत सरकारशीं पत्रव्यवहार करीत, इंग्रजी वर्गांसाठीं त्यांनीं द्रव्य जमविलें होतें. त्यांचा आग्रह इतकाच कीं, इंग्रजी ही एक भाषा म्हणून शिकवावी. परंतु भूगोल, गणित, वैद्यक हीं समजून घेण्याची वाट तीच एक आहे असें मानूं नये. ह्या वादाचा निकाल १८४८ त वरिष्ठ सरकारनें दोन्ही पक्षांस थोडें थोडें मान्य करून, म्हणजे खरें पाहतां न लावतांच, ठेवला. परिणाम असा झाला कीं, प्राथमिक शिक्षण देशी भाषेंत राहिलें व वरचें इंग्रजींत गेलें. मुंबई इलाख्यांत मराठी व गुजराती शाळांचा पाया त्या काळीं टिकून राहिला, ह्याचें बरेंचसें श्रेय आम्ही त्या चार सभासदांस देतों.

मुलींच्या शिक्षणाचें कामही ह्याच दिवसांतलें. मुंबईस अमेरिकन मिशननें मुलींची शाळा १८२४ तच काढली होती, आणि पुण्यास भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ त मुलींस शिकविण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या तरुणांनीं 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापिली व लवकरच मुलींच्या शाळा काढण्याचें मनावर घेतलें. शाळा काढण्यास जागा पाहिजे. आणि मुलींची शाळा म्हटली कीं घरमालक दार लावून घेत. नानांनीं आपल्या वाड्याच्या आवारांत मराठी मुलींच्या शाळेस जागा दिली. नाना हे देवधर्म मानणारे, जुन्या रीतीचे गृहस्थ होते. अशा मनुष्याच्या दारांत मुली पाटी घेऊन येऊं लागल्या, तेव्हां नांवें ठेवणारांचीं तोंडें थोडीं तरी आवरलीं असतील. सुधारणेचीं शंभर व्याख्यानें एकीकडे आणि प्रतिष्ठिताच्या घरचें एक उघडें दार एकीकडे, असेंच म्हणावें लागेल.

नाटकांस त्यांनीं आश्रय दिला, ही गोष्ट मुलांस विशेष आवडेल. ग्रांट रोडवर त्यांच्या जागेवर १८४६ त एक नाटकगृह उभें राहिलें, आणि सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ त मंडळी घेऊन मुंबईस आले तेव्हां त्यांचे खेळ तेथें झाले.

आतां रेल्वेविषयीं. १८४५ त मुंबईस लोहमार्ग करावा म्हणून जी समिति बनली, तींत नाना व सर जमशेटजी जिजीभाई हे दोघे हिंदी व्यापारी प्रमुख होते. विलायतेंत रेल्वेस वीस वर्षेंच झालीं होतीं. आमच्याकडे तर लोखंडाच्या रुळांवर वाफेची गाडी धांवेल ही गोष्ट पुष्कळांस थट्टेची वाटे. परंतु घाटावरचा कापूस बैलांच्या पाठीवर बंदरास येतां येतां पावसांत भिजतो व धुळींत मळतो, हें व्यापाऱ्यास ठाऊक होतें. कंपनीस १८४९ त पार्लमेंटच्या कायद्यानें रूप आलें, आणि ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, ओढणारीं तीन इंजिनें व एकवीस तोफांची सलामी, असा तो थाट होता.

पुण्याकडील मार्ग दोन्ही बाजूंनीं वाढत आला. १८५६ त रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत पोंचले. १८५८ च्या जून महिन्यांत खंडाळा ते पुणें हा भाग चालू झाला. मधला बोरघाट मात्र उतारूंस घोड्यावर, पालखींत अगर पायीं ओलांडावा लागे. त्या घाटांत अठराशें फुटांहून अधिक चढण, पंचवीस बोगदे. एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथें राबत होते, आणि पटकीनें व अपघातांनीं त्यांतील किती मेले त्याची मोजदाद नाहीं. मक्तेदार ट्रेडवेल हे १८५९ त येऊन लौकरच वारले. पुढें त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल ह्यांनीं तो मक्ता चालविला. १८६३ च्या एप्रिलांत घाट खुला झाला व मुंबई-पुणें हा प्रवास सलग होऊं लागला. तत्पूर्वींच १८६० त पुण्यापुढील मार्ग सोलापुरापर्यंत गेला होता. आपल्या नदीपलीकडचा तो हाच.

रेल्वे, शाळा हीं सरकारच्या संमतीचीं कामें. परंतु सरकारचे दोष सरकारला सांगणें हें निराळें काम, आणि तेंही नानांनीं केलें. १८५३ त ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपावयाची होती. त्यापूर्वीं लोकांचें म्हणणें पार्लमेंटपुढें मांडावें म्हणून ता. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं 'बॉम्बे असोसिएशन' ही सभा निघाली. जमशेटजी जिजीभाई सन्मान्य अध्यक्ष व नाना अध्यक्ष झाले, चिटणिसांत डॉ. भाऊ दाजी लाड व नानांचे चिरंजीव विनायकराव होते. सभेनें पार्लमेंटास अर्ज पाठविला. राज्यकारभार फार खर्चाचा आहे, एतद्देशीयांस मोठ्या जागा व कौन्सिलांत स्थान मिळत नाहीं, रस्ते व इतर लोकोपयोगी कामें यांची हेळसांड होते, असा त्याचा आशय होता. आजच्या मुलांस हें सौम्य वाटेल. परंतु ज्याची सर्व मिळकत मुंबईंत आहे, ज्यास सरकारनें १८३४ च्या सुमारास 'जस्टिस ऑफ दि पीस' नेमून मान दिला आहे, अशा सावकारानें त्याच सरकारविरुद्ध विलायतेस अर्ज करावा, ह्यांत धोका नव्हता असें कोण म्हणेल?

तो धोका पांच वर्षांनीं प्रत्यक्ष पुढें आला. १८५७ त उत्तरेकडे बंड सुरू झालें आणि मुंबईंतही कांहीं शिपायांचा कट पोलिसांचे अधिकारी फोर्जेट ह्यांनीं उघडकीस आणला. त्या आक्टोबरांत दोघां शिपायांस मैदानावर तोफेच्या तोंडीं दिलें. अशा भयाच्या वातावरणांत नानांवरही संशय आला. बंडवाल्यांशीं त्यांचें संधान आहे अशी कुजबुज झाली व तपास झाला. पुरावा कांहीं निघाला नाहीं आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन, जे पहिल्या एल्फिन्स्टनसाहेबांचे पुतणे होते, त्यांचा नानांवरील विश्वास ढळला नाहीं. पस्तीस वर्षें सरकारच्या प्रत्येक चांगल्या कामांत ज्यानें हात घातला, त्यासही एका कुजबुजीसरशीं संशयितांच्या ओळींत उभें राहावें लागलें! परक्या राज्यांत प्रतिष्ठा किती ठिसूळ असते, हें ह्याहून स्पष्ट कशानें दिसेल? नानांनीं मात्र त्यानंतरही आपलीं कामें सोडलीं नाहींत. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन झालें, त्याच्या कायद्यांत मूळ फेलोंच्या यादींत त्यांचें नांव आहे.

कित्येक लोक म्हणतात, हॅन्कॉकसारखी हिंमत नानांत नव्हती. आम्हांस हें म्हणणें न्यायाचें वाटत नाहीं. हॅन्कॉकच्या मागें सभा चालविण्याची संवय लागलेल्या, शिकलेल्या वसाहती होत्या. नानांच्या पुढें पेशवाईच्या पाडावानंतरचा देश होता. त्यास सभा म्हणजे काय, अर्ज म्हणजे काय, शाळा म्हणजे काय, हें पहिल्यापासून शिकवावयाचें होतें. ज्यास बी पेरावयाचें आहे त्यास तूं पीक कां कापलें नाहींस असें विचारण्यांत काय अर्थ? परंतु हेंही खरें कीं, नानांच्या सभेंत शेतकऱ्याचा, मजुराचा आवाज फारसा नव्हता. ती शेट-सावकारांची व नवशिक्षितांची सभा होती.

१८६१ च्या कायद्यानें प्रांतिक कौन्सिलांत हिंदी गृहस्थ नेमण्याची सोय झाली व मुंबईच्या कायदे कौन्सिलाच्या पहिल्या हिंदी सभासदांत नानांची नेमणूक झाली. मुंबईच्या पदार्थसंग्रहालयासाठींही डॉ. भाऊ दाजींबरोबर त्यांनीं खटपट केली. त्याची कोनशिला १८६२ त बसली, पण १८७२ त तें उघडलें तें पाहण्यास नाना राहिले नाहींत. त्या संग्रहालयास आज डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव आहे.

नानांचीं अखेरचीं वर्षें मुंबईच्या इतिहासांतील विलक्षण वर्षें होतीं. अमेरिकेंत १८६१ त यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि आमच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत द्रव्याचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या निघत व त्यांचे भाग चढ्या किंमतीनें विकले जात. १८६५ त युद्ध संपलें, कापूस घसरला, आणि ता. १ जुलै रोजीं सौदे पुरे करण्याचा दिवस उगवतांच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना वारले.

त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलांत, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूंत आहे, आणि गिरगांवापलीकडे त्यांच्या वाड्याच्या परिसरांतील चौकास लोक नाना चौक म्हणतात. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांस मात्र त्यांचें नांव निराळ्या कारणानें ठाऊक झालें. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति' मिळे, आणि ती मिळविण्यासाठीं मुंबई इलाख्यांतील हुशार मुलें रात्रीचा दिवस करीत. १९१२ सालीं ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख ह्या मुलास मिळाली. तेच १९४३ त रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले.